न घातलेली लवंग

सालेकसा हे नाव आमच्या वाईत कुणी ऐकलेलं नाही. गेल्या फाल्गुनापर्यंत मीही ऐकलं नव्हतं. नागपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या गाडीवर, गोंदियाच्या पुढे, जंगलात ते एवढंसं ठेसण आहे. तिथे मी नवऱ्याबरोबर गेले, एका गोऱ्या साहेबाने केलेली काळीभोर दारू प्यायले आणि परत आले. आळीतल्या बायकांना अजून वाटतं की आम्ही काशीला गेलो होतो. एकेकीला खरं सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं.

आधी आमच्या घरचं सांगायला हवं. आमची आसवारिष्टांची रसशाळा, सासऱ्यांनी काढलेली. औषधांचा काढा करायचा, निवला की त्यात गूळ आणि धायटीची वाळकी फुलं घालायची, तुपाचा हात फिरवलेल्या बरणीत भरायचं, तोंडाला कपडमाती, म्हणजे चिखलात माखलेलं फडकं, लावायची आणि बरणी भाताच्या कोंड्यात महिनाभर पुरून ठेवायची. धायटीच्या फुलांनी काढा आंबतो आणि त्याचं अरिष्ट होतं. नीट झालं तर गोड, तिखट, अंगात ऊब आणणारं. बिघडलं तर नुसता शिरका. बरणी उघडली की चाखणार कोण, तर मी. सासऱ्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं. पळीभर तोंडात घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, सांगायचं आणि पितळेच्या तस्तात थुंकून चूळ भरायची. गिळायचं नाही, कारण गिळलं की दुसऱ्या बरणीचं खरं कळत नाही.

हे वैद्य आहेत, नाडी उत्तम बघतात, पण तपकिरीने ह्यांचं नाक केव्हाच मेलंय. चवही त्याबरोबर गेली. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. सासरे गेल्यापासून चार वर्षं सगळं माझ्या जिभेवर चाललेलं, आणि त्यातली तीन वर्षं लागोपाठ बरण्या आंबट निघाल्या. तिसऱ्या वर्षी हे म्हणाले, "पुढच्या खेपेला जमलं नाही तर रसशाळेला कुलूप. मी डॉक्टरच्या दवाखान्यात पुड्या बांधायला बसेन." सासऱ्यांचा मुलगा दुसऱ्याच्या पुड्या बांधतोय हे मला डोळ्यांपुढे आणवेना. मी म्हटलं, दोष धायटीचा आहे. आमचा काष्ठौषधीवाला शेटजी शिळी, भेसळीची फुलं देतो. त्याच्या दुकानात जाऊन मी चार लोकांत त्याला तसं बोलूनही आले. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, माल गोंदियाकडचा आहे, जाऊन बघा." मी म्हटलं, बघतेच.

गोंदिया

तर असे आम्ही निघालो. तीन दिवसांच्या गाडीत काय झालं ते सांगत नाही, कोळशाच्या कणांनी डोळे चुरचुरले एवढंच झालं. गोंदियाला उतरलो तर मराठी कुठे गेली कळेना. फलाटावर हमाल हिंदी, पुरीभाजीवाला हिंदी, आणि विड्यांच्या पेट्या मोजणारा मुनीमही हिंदी. ह्यांनी संस्कृतात घोळवून काहीतरी विचारलं, हमालाने मान डोलावली आणि आम्हाला एका गाडीत नेऊन बसवलं. गाडी इतकी लहान की गुडघे समोरच्या बाकाला टेकत होते. मी म्हटलं, जंगलातली गाडी अशीच असेल. शिट्टी झाली तेव्हा समोर बसलेल्या, मांडीवर टोपली घेतलेल्या बाईने विचारलं, "कोठी जाऊन राहिले जी?"

"सालेकशाला," मी म्हटलं.

"मंग या गाडीत कायले बसले? हे तं बालाघाटले जाते."

गाडी हलली होती. ह्यांनी वळकटी खाली टाकली, मग मला उतरवलं, मग आपण उतरले आणि धोतराच्या सोग्यात अडकून फलाटावर बसकण मारली. टोपलीवाली खिडकीतून हसत हसत निघून गेली. आमच्याकडे परक्या माणसाची फजिती झाली तर तोंड फिरवून हसतात. इकडे तोंडावर हसतात आणि मग धावून मदतही करतात. विड्यांचा मुनीम आला, ह्यांना उठवलं, पाणी पाजलं आणि खऱ्या गाडीत स्वतः नेऊन बसवलं. आमगाव गेलं, दुतर्फा भाताची मोकळी खाचरं आणि मध्ये मध्ये पाण्याने भरलेली तळी. फाल्गुनात एवढं पाणी मी कृष्णेखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. पुढे डोंगर जवळ आले आणि पळसाचं रान असं पेटलेलं दिसलं की हे तपकिरीची डबी हातात तशीच धरून बघत राहिले.

सालेकसा, पहिला दिवस

ठेसणमास्तरला धायटीचं विचारलं. तो म्हणाला, इथे फुलं वेचणारी एकच पक्की बाई, सुकवंता, आणि ती पूलसाहेबाच्या बंगल्यावर भेटेल. पूलसाहेब म्हणजे रेल्वेचे पूल बांधायला आलेला आणि पूल संपल्यावरही न गेलेला गोरा. त्याचं नाव कुणालाच घेता येत नसे. "अंग्रेज नहीं है, बेल्जम का है," मास्तर म्हणाला. बेल्जम कुठे आलं हे ह्यांनाही सांगता आलं नाही.

बंगला तळ्याच्या काठी. साहेब साठीचा, गलेलठ्ठ, पांढऱ्या दाढीचा, पायात आपल्यासारख्या वहाणा. ह्यांनी वैद्य म्हणून ओळख दिली तर तो खूश झाला आणि व्हरांड्यालगतची खोली आम्हाला उघडून दिली. सुकवंता माझ्याच वयाची, चाळिशीची, काटक, गोंड बाई. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या दूरून फुलासाठी आली? तुमच्याकडे झाडं नाईत का?"

"आहेत, पण इकडच्यांना जास्त गुण आहे म्हणतात," मी सांगितलं.

"म्हणतेत," ती म्हणाली आणि कामाला लागली.

त्या दिवशी मी सोवळ्यात आपलं वेगळं रांधून घेतलं. तांदूळ मात्र तिथला, चिन्नोर. शिजताना खोलीभर वास. ह्यांना तो येत नव्हता याचं मला फार वाईट वाटलं. पलीकडे सुकवंता लाखोळीची डाळ लसणाची फोडणी देऊन करत होती. दुसऱ्या दिवशी सोवळं कुठे गेलं ते विचारू नये. मी तिच्या हातची दोन वाट्या डाळ खाल्ली.

दुसरा दिवस, सकाळ

पहाट फुटली तसं सुकवंता आम्हाला टेकडीवर घेऊन गेली. वाटेत मोहाची झाडं, खाली पिवळसर फुलांचा सडा आणि वेचणाऱ्या बाया. इकडे मोहफूल खातात, वाळवतात आणि त्याची दारूही काढतात. सुकवंता म्हणाली, "साहेब आपली दारू करते, त्याले कोणी पुसत नाई. आमची हांडी दिसली का शिपाई फोडते." हे तिने रागाने सांगितलं नाही, ऊन पडलं असं सांगावं तसं सांगितलं.

धायटी खडकाळ उतारावर होती. कंबरेएवढी झुडपं, फांदीभर लालभडक नळीसारखी फुलं. एक तोडून मी बुडखा चोखला. गोड. आता माझी पाळी होती. मी कमरेची पुडी सोडली. आमच्या शेटजीची फुलं मी पुराव्यादाखल बरोबर आणली होती. सुकवंताच्या हातावर ठेवून म्हटलं, "ही बघ आमच्याकडची भेसळ."

तिने ती चुरडली, हुंगली, एक तोंडात टाकलं. "कायची भेसळ? चांगली तं आहेत. या सालचीच आहेत. आमच्याच पहाडीतली असतील."

मीही एक चघळलं. जीभ खोटं सांगेना. ताज्या फुलाइतका गोडवा नव्हता, पण फूल तेच, तुरट तेच.  ह्यांनी खाली वाकून एक दगड उचलला, बघितला, परत ठेवला. तीन दिवस गाडी करून आम्ही इथवर आलो होतो आणि दोष इथे नव्हता. उतरताना हे हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्यात पुड्या बांधणंही काही वाईट नाही गं." मला रडू आलं आणि मी ते उन्हावर ढकललं, म्हटलं डोळ्यांवर येतंय.

दुसरा दिवस, दुपार

दुपारी चारच्या सुमाराला साहेबाने आम्हाला तळ्याकाठी बोलावलं. काठावर जमिनीत खोदलेलं भुयार, वर पेंढा. आत इतका गारवा की मी पदर लपेटून घेतला. ओळीने बाटल्या, बुचांना तारा बांधलेल्या, बुडाशी खडूने लिहिलेलं. साहेबाने रेल्वेच्या हिंदीत सांगितलं की त्याच्या गावी आई घरी अशीच काळी दारू करायची. जवाला मोड आणायचे, वाळवून तांबूस भाजायचे, भरडून कढवायचे. तिकडे काळी साखर घालतात, हा गूळ घालतो. तिकडून डब्यातून येणारी कसली कडू फुलं घालायची, चार मसाले, आणि मागच्या पिंपाच्या तळचा गाळ विरजण म्हणून. माझी मान आपोआप हलू लागली. हे तर आमच्यासारखंच, फक्त विरजण तेवढं निराळं.

"मागच्या होळीला बाटल्या भरल्या," साहेब म्हणाला, "आज एक वरस झालं. इथे चव सांगणारा माणूस नाही. वैदजी, आप बताओ." आणि बूच उडवून, पेल्यात ओतून, पेला ह्यांच्या हातात दिला.

 पेल्यातलं पातळ काळसर तांबडं, वर दाट बदामी फेस. ह्यांनी पेला नाकाशी नेला, तोंडाला लावला, घोट घेतला. मी वाट बघत होते की आता हे चरकातलं काहीतरी म्हणून वेळ मारून नेतील. ते त्यात पटाईत आहेत. ह्यांनी पेला खाली घेतला आणि म्हणाले, "साहेब, मेरा नाक नहीं है. मला काही कळत नाही. आमच्या घरात जीभ हिची आहे. हिला विचारा."

चार वर्षं आम्ही दोघांनी जिवापाड जपलेली गोष्ट ह्यांनी एका गोऱ्या माणसासमोर अशी सांगून टाकली. आणि पेला माझ्या हातात आला. दारू म्हणून बघावं तर पाप, आणि अरिष्ट म्हणून बघावं तर माझं रोजचं काम. मी अरिष्ट म्हणून बघितलं. मागोमाग आलेल्या सुकवंताने न सांगता एक टमरेल माझ्यापुढे थुंकायला ठेवलं, कारण मी सकाळी तिला आमची रीत सांगितली होती.

घोट घेतला. आधी फेस, मऊ. मग भाजलेल्या जवाचा खरपूसपणा, भाकरीच्या करपल्या पापुद्र्याचा असतो तसा. मग गूळ, जुना, चिकीचा. कडवटपणा जिभेच्या मागे, दुखवेल एवढा नाही. मग एकेक मसाला वर यायला लागला आणि मी बोलत गेले, "धने. भरडलेले, भाजलेले नाहीत. संत्र्याची साल, वाळवलेली. सुंठ, अगदी चिमूट. पिकलेल्या केळ्याचा वास कुठून तरी येतोय. आणि लवंग."

साहेब प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारत होता. लवंग म्हटल्यावर थांबला. "लवंग नहीं डाला."

"आहे," मी म्हटलं.

"बाईसाहब, नहीं है."

"साहेब, मी वीस वर्षं चाखतेय. लवंग आहे."

सुकवंता मध्ये पडली. "बाई, मसाला मीच घालतो. घरात लवंग नाईच. दाढ दुखली तं मले गावातून मागून आणा लागते."

मी आणखी एक घोट घेतला. लवंग होतीच, शेवटी शेवटी, ऊन ऊन. पोटात काहीतरी छान गरम झालं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की टमरेल कोरडं आहे. पहिला घोट, दुसरा घोट, थुंकायचं राहूनच गेलं होतं. सासरे असते तर डोक्याला हात लावून बसले असते. खरं सांगते, मला लाज नाही वाटली, फार आनंद वाटला. इतकं नीट आंबलेलं काही मी तीन वर्षांत तोंडात घेतलं नव्हतं.

साहेब मोठ्याने हसला आणि डोळे पुसू लागला. म्हणाला, त्याच्या गावी लोक आईशी याच गोष्टीवरून भांडत, की तू लवंग घालतेस. ती घालत नसे. लवंग गाळातून, म्हणजे नीट आंबण्यातूनच, आपली आपण येते. पण एक अट आहे, बंद केलं की हात लावायचा नाही. उघडून वारा लागला की लवंग येत नाही, आंबट येतं.

"हाव," सुकवंता म्हणाली, "मोहाच्या हांडीचंही असंच. मातीनं तोंड बांधलं का बांधलं. तुम्ही घरी किती दिवसानं उघडता बाई?"

मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "मी रोज चाखते. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी कपडमाती काढते, पळीभर घेते, परत लावते. एक दिवस चुकवत नाही."

 साहेबाने ह्यांच्याकडे पाहिलं. सुकवंता माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने विचारलं, "काऊन व? काऊन उघडतेस रोज?"

 खरंच, का उघडत होते मी? सासरे महिना भरला की एकदाच उघडत. ते गेले, ह्यांचं नाक गेलेलं, सगळा भार माझ्यावर, आणि मला भीती. पहिल्या वर्षी एकदा मध्येच डोकावले. पुढच्या वर्षी आठवड्याने. आंबट निघू लागलं तशी जास्त भीती, म्हणून रोज. जेवढं बिघडे तेवढं मी जास्त उघडून बघे. अहो, शेटजी नव्हे, धायटी नव्हे, तीन वर्षं आमची रसशाळा मीच बुडवत होते, आणि तेही ज्या जिभेचा मला एवढा ताठा त्याच जिभेपायी.

 हे जवळ आले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायचा त्यांना हक्क होता. ते म्हणाले, "रोज उघडतेस ते मी बघत होतो. मला वाटायचं, तुला कळतंय ना, मग मी कशाला बोलू." मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो. हसू थांबेना. सुकवंता साहेबाला म्हणाली, "दोन घोटात चढली यांले." चढली असेलही. हे तर एकच घोट प्यायले होते आणि माझ्याहून जास्त हसत होते.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सुकवंताने धायटीची टोपलीभर फुलं बांधून दिली. मी माझी हिरवी खणाची चोळी तिला दिली, तिने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "तंग होईल." तरी ठेवून घेतली. साहेब ठेसणापर्यंत आला. गोंदियाला ह्या वेळी आम्ही मोठ्याच गाडीत बसलो.

वाईला आल्यावर पहिल्यांदा शेटजीच्या दुकानात गेले. ज्या चार लोकांत बोलले होते ते चारही तिथे बसलेले होते, बरंच झालं. म्हटलं, "शेटजी, फुलं तुमची चांगली. चूक माझी होती." तो इतका गोंधळला की मला खडीसाखर द्यायला लागला.

पाडव्याला द्राक्षारिष्ट लावलं. मनुकांचा काढा, गूळ, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, धायटी. बरण्या कोंड्यात पुरल्या, खोलीला कुलूप घातलं आणि मी ह्यांना म्हटलं, "किल्ली जानव्याला बांधा. मी मागितली तरी देऊ नका." नवव्या दिवशी मागितली. ह्यांनी दिली नाही. पंधराव्या दिवशी मागितली, भांडले, जेवले नाही. हे स्वतः भात कालवून घेऊन आले, पण किल्ली दिली नाही. मग मी दाराबाहेर बसून गहू निवडायला लागले. बरण्यांशेजारी बसलंय असं तरी वाटायचं.

अक्षय्यतृतीयेला कुलूप उघडलं. ह्यांनी पहिल्या बरणीची कपडमाती फोडली. मी पळीभर घेतलं. तस्त माझ्या उजव्या हाताला ठेवलेलं होतं, घासून लखलखीत. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जिभेवर फिरवलं, एकदा, दोनदा.

"लवंग," मी म्हटलं.

"द्राक्षारिष्टात आपण लवंग कुठे घालतो?" ह्यांनी विचारलं.

"नाही घालत."

 ह्यांनी तस्तात पाहिलं. ते कोरडं होतं. मग ह्यांनी ते उचललं, अंगणात नेलं आणि तुळशीपाशी पालथं घालून ठेवलं.